उलट्या तारांचं विमान

माझ्या काकानं सूड घ्यायला दोनेक वर्षं लावली आणि तेवढ्या काळात एकदाही आवाज चढवला नाही. मला हे जन्मात जमलं नसतं. माझा राग दुधासारखा आहे. जरा नजर हलली की उतू जातो आणि मग शेगडी पुसत बसावं लागतं. काकानं आपला राग कानशीनं घासला, पॉलिशपेपरनं गुळगुळीत केला, त्याला पिवळा रंग दिला आणि एका रविवारी चारचौघांत उडवायला दिला.

काका आधी वैमानिक होता. फार मोठा नव्हे. शहराबाहेरच्या फ्लाइंग क्लबात एक छोटं पिवळं विमान होतं, दोन जणांचं, एक पुढे आणि एक मागे. त्यावर तो शिकाऊ मुलांना शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी हौशी लोकांना चक्कर मारून आणायचा. माझे बाबा त्याचे थोरले भाऊ. बाबांना माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढायचीही भीती. आई त्यांना चिडवायची, "सगळं जग बसून आलं भावजींच्या विमानात, तुम्ही तेवढे राहिलात." एका सकाळी तिनंच त्यांना स्वच्छ सदरा घालून पाठवलं, आणि ते परत आले नाहीत. विमान जमिनीवरून उठलं, डावा पंख कलला, कलतच गेला, आणि ते आडवं होऊन शेतात पडलं नि पेटलं. पुढच्या सीटवरच्या काकाला लोकांनी ओढून काढलं. मागच्या सीटपर्यंत कुणी पोचू शकलं नाही. मी तेव्हा पहिलीत होते.

आता थोडं विमानाविषयी सांगावं लागेल, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाशी, एक हलती पट्टी असते. वैमानिकाच्या हातात काठी असते. काठी डावीकडे नेली की डावी पट्टी वर जाते, उजवी खाली येते आणि विमान डावीकडे कलतं. काठी आणि पट्ट्यांच्या मध्ये तारा असतात. त्या तारा आदल्याच दिवशी वर्कशॉपात नव्या घातल्या होत्या. इस्पितळात शुद्धीवर आल्यापासून काका एकच गोष्ट सांगत राहिला. "तारा उलट्या जोडल्या होत्या. मी सावरायला काठी उजवीकडे नेली, ते आणखी डावीकडे गेलं. जितकं सावरत होतो तितकं पाडत होतो."

त्या तारा जोडल्या होत्या साहेबांनी. साहेब म्हणजे वर्कशॉपचे मुख्य. मी त्यांना मनातल्या मनात बोका म्हणते, कारण कुठूनही ढकला, हा माणूस बरोबर मऊ गादीवर जाऊन पडतो. चौकशी बसली तेव्हा तज्ज्ञ म्हणून बोलावलं तेही त्यांनाच. ते विमान त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्यालाच पंच करून बसवलं. जळलेल्या सांगाड्यात तारांचा काय पत्ता लागणार! साहेबांनी शांतपणे सांगितलं की तारा उलट्या असत्या तर उडण्याआधीच्या तपासणीत वैमानिकाला दिसल्याच असत्या. काठी हलवायची आणि पंखाकडे बघायचं, एवढीच तर तपासणी. डोळे असलेल्या माणसाच्या नजरेतून ही गोष्ट सुटूच शकत नाही. तेव्हा एक तर तारा बरोबर होत्या आणि विमान यानं पाडलं, नाहीतर यानं काही तपासलंच नाही. दोन्हीकडून दोष वैमानिकाचा.

काकाचं लायसन गेलं. आईला साहेबांचं ते बोलणं पाठ झालं. "बघितलंच नाही त्यानं," ती भांडी घासताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची, कुणी विचारलेलं नसताना म्हणायची. काकाशी तिनं बोलणं टाकलं. दोघा भावांच्या फोटोतून त्याला कात्रीनं कापून काढलं. बाबांच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राहिला, तो कापता येईना. तिनंच बाबांना पाठवलं होतं, हे मात्र ती कधीही बोलली नाही. मी अशा घरात मोठी झाले. काकावरचा राग मला वारशात मिळाला, वापरून वापरून मऊ झालेल्या पांघरुणासारखा.

आता मी. मी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांसाठी आमची छोटी लॅब आहे. कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी पारदर्शक पट्ट्या. एका दुपारी काउंटरवर एक म्हातारा आला आणि म्हणाला, "तुमच्या ड्रिलच्या झिजलेल्या सुया फेकून देता ना? मला हव्या होत्या. बारीक लाकूड कोरायला फार छान पडतात." मी मान वर केली. त्याच्या गळ्यापासून कानापर्यंत भाजल्याची जुनी खूण होती. मला ओळखायला वेळ लागला नाही, आणि त्यालाही; माझा चेहरा बाबांवर गेलाय.

"नवीन बाजारात मिळतात," मी म्हटलं.

"हो, मिळतात," तो म्हणाला, आणि गेला. पुढच्या आठवड्यात परत आला. त्याच्या पुढच्याही. माणूस चिकट असला की माझा नाइलाज होतो. मी डबीभर सुया दिल्या, आणि हा त्यांचं करतो तरी काय ते बघायला, खरं सांगायचं तर भांडायला, एका सुटीच्या सकाळी त्याच्या घरी गेले.

तो गाडी शिकवण्याच्या क्लासच्या वर एका खोलीत राहायचा. लायसन गेल्यापासून तो हेच करत होता. लोकांना क्लच आणि ब्रेक शिकवायचा. लग्न केलं नव्हतं. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि बाकी सगळीकडे लाकडाचा भुसा. टेबलावर टेबलापेक्षा लांब काहीतरी होतं. पातळ पट्ट्यांचे दोन पंख, बरगड्या मोजता याव्यात असे उघडे. पोटाचा सांगाडा. त्यात पुढे एक सीट आणि मागे एक सीट.

माझं डोकं फिरलं. "ज्या विमानात माझ्या बापाला मारलंत, त्याचं खेळणं करताय?"

त्याची कानस थांबली नाही. "खेळणं नाही. हे उडणार आहे," तो म्हणाला. "ते उडवणार आहेत साहेब."

मी उभीच होते. त्यानं कॉटवरचा भुसा झटकला, मला बसायला जागा केली आणि सगळं सांगितलं. विमान हुबेहूब होणार होतं, आकारानं तेवढं लहान. काठीपासून पंखापर्यंत खऱ्या तारा, खऱ्या कप्प्या. रिमोटच्या खटक्यानं एक मोटर आतली काठी हलवणार, बाकी सगळं काम तारांचं. साहेब आता क्लबचे अध्यक्ष होते. क्लबात आता हौशी लोक घरी केलेली मॉडेल विमानंही उडवायचे, आणि नवं मॉडेल आलं की त्याचं पहिलं उड्डाण अध्यक्षांच्या हातून, असा रिवाज त्यांनीच पाडला होता. मिरवायची हौस दांडगी, दुसरं काय! वार्षिक दिवसाला गर्दी जमते, साहेब कॉलरला माइक लावून भाषण देतात, तपासणीचं महत्त्व सांगतात आणि मग लोकांच्या मेहनतीची विमानं स्वतः उडवतात.

"तारा मी उलट्या जोडणार," काका म्हणाला. "त्या दिवशी होत्या तशा."

"आणि तुम्ही? तुम्ही त्या दिवशी खरंच बघितलं नव्हतंत का?" मी विचारलं. लहानपणापासून विचारायचं होतं.

त्यानं कानस खाली ठेवली. "बघितलं होतं. काठी हलवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पट्ट्या हलल्या. तुझा बाप मागे घामाघूम झाला होता, मी त्याला हसवत होतो. हलल्या एवढं बघितलं. कुठल्या बाजूला हलल्या, ते नाही बघितलं."

"म्हणजे चूक तुमचीच."

"माझी आहेच. ती मी कुणाला देत नाही. पण साहेब म्हणाले, असं होऊच शकत नाही. डोळस माणसाच्या हातून होणारच नाही. म्हणजे मी खोटारडा ठरलो आणि त्यांचे हात स्वच्छ. मला त्यांना तीच चूक करताना बघायचंय. सगळ्यांसमोर."

मी घरी गेले आणि आईला काही सांगितलं नाही. पुढच्या सुटीला पुन्हा त्याच्याकडे गेले. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते कळलं नाही. बहुधा पिवळ्या रंगावरून भांडलो तेव्हा. त्याला नवा पिवळा चालेना. उन्हात उभं राहून मऊ पडलेला पिवळा हवा होता, आणि तो मिळेपर्यंत त्यानं पुठ्ठ्याच्या इतक्या पट्ट्या रंगवल्या की खोली काविळीनं आजारी दिसायला लागली. पुढची काच माझी. दात खाणाऱ्यांच्या पट्ट्या ज्या यंत्रावर करतो, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा गरम करून लाकडी साच्यावर खेचला, आणि सुरकुती न पडता काच उतरली तेव्हा मी एकटीच लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या. पंखांवर कापड ताणून बसवलं. कप्प्या पितळेच्या, वाटाण्याएवढ्या, त्यानं माझ्या झिजलेल्या सुयांनी कोरलेल्या. विमान पुरं झालं तेव्हा तारा सरळ जोडून आम्ही ते लांबच्या एका मैदानात नेलं. काकानं ते उडवलं. इतकं देखणं वळत होतं, की ज्या विमानाचा मी आयुष्यभर तिरस्कार केला त्याच्याकडे मी मान दुखेपर्यंत बघत राहिले. आणि मग त्याच गोष्टीचा राग आला.

"काका, हे का मोडायचं?" मी म्हटलं.

"मोडलेलंच आहे ते," तो म्हणाला. "मी तात्पुरतं जोडलंय."

मग तो साहेबांना भेटायला गेला. मी सोबत होते, दाराशी. साहेबांचे केस पांढरे झाले होते, पण टाय आणि तोरा जागच्या जागी. काकानं मान खाली घालून सांगितलं की जुन्या विमानाचं मॉडेल केलंय, पहिलं उड्डाण तुमच्याच हातून व्हावं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "झालं गेलं विसरलास, बरं केलंस. मनात काही ठेवू नये माणसानं." मी दाराची कडी इतकी घट्ट धरली की तळहातावर वळ उठला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "थोबाडीत का नाही दिलीस?" काका म्हणाला, "मग त्यांनी विमान उडवलं असतं का?"

वार्षिक दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर तारांची टोकं सोडवली, अदलाबदल केली आणि पुन्हा अडकवली. काम एवढंसं. बूट घालायला जास्त वेळ लागतो. मला अचानक धडकी भरली.

"आणि त्यांनी बघितलं तर? नीट बघितलं आणि ओळखलं तर?"

"तर ते खरं बोलले होते," काका म्हणाला. "डोळस माणसाला दिसतंच. मग दोष सगळा माझा, आणि तुझी आई पहिल्यापासून बरोबर. तिला घेऊन ये."

"आईला?"

"तिच्यासमोर व्हायला हवं. काय व्हायचं ते. आणि ऐक, मी त्यांना फसवणार नाही. विमानाची शेपटी त्यांच्याकडे करून ठेवणार, म्हणजे डावं-उजवं सरळ दिसेल. तपासून घ्या म्हणूनही सांगणार. नाहीतर याला काही अर्थ नाही."

आईला कसं आणायचं हा मोठाच प्रश्न होता. शेवटी मी खरं तेच सांगितलं. काकानं त्या विमानाचं मॉडेल केलंय, साहेबांच्या हाती देणार आहे, आणि उद्या त्याची सगळ्यांदेखत फजिती होण्याची बरीच शक्यता आहे. आई उठली. तिनं कपाटातले ठेवणीतले कपडे काढले आणि इस्त्री तापत ठेवली. म्हणाली, "पुढच्या रांगेत जागा मिळेल ना?"

मिळाली. पत्र्याच्या हँगरसमोर खुर्च्या मांडल्या होत्या, पुढे गवताची धावपट्टी. क्लबचे जुने सभासद झाडून आले होते. चौकशीच्या वेळी जे साहेबांच्या बाजूनं मान डोलवत होते, तेही. आमचं पिवळं विमान एका टेबलावर होतं, शेपटी साहेबांकडे. आईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा दगड झाला. काकाकडे तिनं बघितलं नाही.

साहेब माइकवरून बोलले. जुन्या दिवसांबद्दल, शिस्तीबद्दल. माझ्या वर्कशॉपातून कधी चुकीचं काम बाहेर पडलं नाही, असंही म्हणाले. काका रिमोट घेऊन पुढे झाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, उडवण्याआधी तपासून घ्या."

"मला शिकवतोस?" साहेब हसले. लोक हसले. साहेबांनी अंगठ्यानं खटका डावीकडे दाबला, उजवीकडे दाबला. पट्ट्या हलल्या. खटका डावीकडे, आणि डावी पट्टी खाली! ढळढळीत खाली. मला इतकं स्पष्ट दिसत होतं की ओरडावंसं वाटलं. साहेबांची नजर पंखावर होती, मी शपथेवर सांगते, पंखावरच होती. तेवढ्यात फोटोवाल्यानं त्यांना हाक मारली. साहेबांनी त्याच्याकडे बघून टाय नीट केला, मग पुन्हा एकदा खटके हलवले, मान डोलावली आणि म्हणाले, "उत्तम. चला."

काकानं विमान धावपट्टीवर नेऊन ठेवलं. ते गवतावरून धावलं, उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि डावा पंख जरासा कलला. साहेबांनी सावरायला खटका उजवीकडे नेला. पंख आणखी कलला. साहेबांनी आणखी उजवीकडे नेला, त्यांचं अख्खं शरीर उजवीकडे झुकलं, आणि विमान आडवं होऊन धावपट्टीच्या पलीकडे जमिनीत घुसलं. माझी काच फुटल्याचा आवाज इथवर आला. शेजारी आईनं माझं मनगट धरलं होतं. ते पडणं तिनं याआधी कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

साहेब तरातरा गेले, सांगाडा उचलून आणला, आत डोकावले, आणि त्यांचा पारा चढला. माइक कॉलरलाच होता. सगळ्या मैदानात त्यांचा आवाज घुमला. "तारा उलट्या आहेत! हे काय काम झालं? मी उजवीकडे काढतोय आणि हे डावीकडे जातंय! उडवणारा काय करणार यात? जोडणाऱ्याला धरा!"

"पण साहेब, तपासलं होतंत ना तुम्ही?" काका म्हणाला. अगदी नेहमीच्या आवाजात.

"तपासलं की! हलत होतं सगळं! एवढं बारीक कुणाच्या लक्षात येतं?"

आणि मग ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना आधी कानांनी कळलं असावं, कारण लाउडस्पीकरातून ते वाक्य मैदानावर घुमत परत आलं. माइकमधून साहेबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आई उठली. माझी आई तिखट कानाची आहे. शेजारच्या घरात चमचा पडला तरी कुठला पडला ते सांगते. ती सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "मला नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा."

"तुम्ही कोण?"

"मागच्या सीटवर जो बसला होता ना, त्याची बायको."

साहेब कॉलरवरचा माइक काढायला चाचपडू लागले. चिमटा सापडेना.

"तारा उलट्या असल्या तर दोष कुणाचा?" आईनं विचारलं.

"जोडणाऱ्याचा."

"मोठ्यानं बोला."

"जोडणाऱ्याचा!"

"आणि आमच्या विमानाच्या कुणी जोडल्या होत्या?"

साहेबांनी खुर्च्यांकडे पाहिलं. एरवी त्यांच्या शब्दाला मान डोलावणारे सगळे आपापल्या चपला बघत होते. "मी," साहेब म्हणाले, आणि तो शब्द लाउडस्पीकरनं हँगरच्या पत्र्यावर नेऊन आपटला. म्हातारा माणूस, दया यायला हवी होती. नाही आली. मला आनंद झाला, पोटभर झाला, आणि तो मी कुणापासून लपवला नाही.

काका खाली बसून तुकडे गोळा करत होता. आई त्याच्याकडे वळली. "भावजी."

तो हातातला मोडका पंख घेऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तिनं त्याला मारलेली ती पहिली हाक.

"बघितलं तुम्हीपण नव्हतंत," आई म्हणाली.

"नाही वहिनी. हललं एवढंच बघितलं."

"आणि त्यांना पाठवलं होतं मी." हे ती मान ताठ ठेवून बोलली. "त्या माणसाचं झालं. तुमचं-माझं राहिलंय. अबोला धरून माझं काही भागलं नाही. घरी या, समोर बसा. मला तुमच्याशी भांडायचंय."

काकानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आत्ता?"

"मग काय, आणखी एक विमान बांधून येणार?" आई म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली.